तळ्यात मासे आहेत, बहुधा

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. मोठ्या जबाबदारीवरची माणसं दैनंदिनी लिहितात, आणि ही जागा जबाबदारीची आहे असं बदलीच्या हुकमातच म्हटलं आहे. 'अरण्य तलाव माहिती केंद्र, प्रमुख.' प्रमुख म्हणजे मी. हाताखाली कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.

बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत मी उमेदीची सगळी वर्षं काढली. कुठली गाडी, कुठला फलाट, किती उशीर, हे माझ्याइतक्या खणखणीत आवाजात कोणी सांगितलं नसेल. मग तिथे एक यंत्र बसवलं. बटण दाबलं की ते गोड बायकी आवाजात माहिती देतं आणि चुकीची देतं. लोकांना चालतं. माझी रवानगी इकडे झाली.

जंगलात रस्ता जिथे संपतो तिथून पायवाट, आणि पायवाट संपते तिथे तळं. लहान आहे, पण देखणं आहे. काठाला लाकडी धक्का, गळ टाकून बसणाऱ्यांसाठी. धक्क्यासमोर माझी कचेरी आणि तिला खिडकी. जन्मभर मला खिडकीतून फक्त लोकांची नाकं दिसली. आज खिडकी उघडली आणि समोर नुसतं पाणी पाहून मला उगीचच भरून आलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

कचेरीच्या मागे राहायची खोली आणि स्वयंपाकघर. मागच्या दाराने उतरलं की लव्हाळ्यात एक सपाट दगड आहे, तिथे ही भांडी घासते. ही म्हणजे बायको. हिला इथे आणलं, हे मात्र मनाला खातं आहे. शहरात आम्ही हिच्या दादांच्या घरी, खालच्या दोन खोल्यांत राहायचो. दादा आणि वहिनी वर. माहेर असं अक्षरशः डोक्यावर असताना ते सोडून ही माझ्यामागे रानात आली. निघताना दादा म्हणाले, "जमलं नाही तर खोल्या रिकाम्याच आहेत." जमणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर आधीच लिहिलेलं होतं.

४ मार्च, मंगळवार

इथल्या रखवालदाराची ओळख झाली. वय कळत नाही. जांभई देत येतो, जांभई देत जातो. मी चौकशी केली.

"तळ्यात मासे आहेत का?"

"असेल."

"कुठल्या जातीचे?"

"असेल."

"अहो, पण तुम्ही कधी पाहिलेत का?"

यावर त्याने तळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आमच्या मागच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "असेल."

दगडावर डोकं आपटलं असतं तर निदान आवाज तरी आला असता. हिने त्याचं नाव लगेच असेलराव ठेवून दिलं. हिला माणसांना नावं ठेवायची खोड पहिल्यापासूनच आहे.

दुपारी फलक रंगवला. 'तळ्यात मासे आहेत' असं ठळक अक्षरांत लिहिलं. मग विचार आला की मी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत, आणि खोटी माहिती मी आयुष्यात दिलेली नाही. म्हणून शेवटी स्वल्पविराम देऊन 'बहुधा' लिहिलं. आता मनाला शांत वाटतं आहे.

६ मार्च, गुरुवार

पहिले पर्यटक! नवरा, बायको आणि एक म्हातारी. नवऱ्याने खिडकीशी येऊन फक्त "स्वच्छतागृह कुठे?" एवढंच विचारलं, पण मी ठरवलं होतं की पहिल्या माणसाला काहीही कमी पडू द्यायचं नाही. तळ्याची लांबी, रुंदी, खोली, तळाशी असलेला गाळ, गाळात पाय रुतला तर काय करावं आणि काय करू नये, विंचू, साप, पडक्या फांद्या, सगळं सांगितलं. माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर होत फार लक्षपूर्वक ऐकत होता. शेवटी तो न बोलता झाडीत पळाला. तोवर म्हातारी गाडीत जाऊन बसली होती, कारण तिने सापापर्यंतचं ऐकलं होतं.

हिला सांगितलं तर म्हणाली, "त्याने विचारलं काय, तुम्ही सांगितलं काय!" बायकांना या कामातलं कळत नाही.

९ मार्च, रविवार

शहरातून गळवाले आले. तिघं होते, तिघांच्या डोक्यावर टोप्या, आणि प्रत्येकाला आपला गळच लांब असल्याची खात्री. सकाळपासून धक्क्यावर बसले. दिवसभरात एक छत्री, एक डाव्या पायाची चप्पल आणि एका पातेल्याचं झाकण एवढं निघालं. मासा नाही. शेपटीसुद्धा नाही.

झाकण पाहून ही धावत आली. "अगंबाई, हेच शोधत होते मी! वाजवताना हातातून सटकलं होतं."

झाकण तळ्याकाठी कशाला वाजवायचं, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण बायकांच्या भांड्याकुंड्यांत आपण नाक खुपसू नये हा माझा जुना नियम आहे. मी गळवाल्यांना तळ्यातल्या पाण्याचं तापमान सांगायला निघून गेलो. ते त्यांनी विचारलं नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार

दर मंगळवारी सामानाची जीप येते. तिच्यातून आठवडाभराचे पाव येतात. आज शुक्रवार आणि डबा रिकामा! मागच्या आठवड्यातही असंच झालं होतं. मी हिला विचारलं तर माझ्यावरच उलटली.

"तुम्हीच खाता. बोलता बोलता खाता, तुम्हाला कळत नाही."

खरं असेल. मी बोलत असताना माझं इतर गोष्टींकडे लक्ष नसतं. पोटावर हात फिरवून पाहिला, तर थोडं सुटल्यासारखं वाटलं. उद्यापासून पाव बंद.

१९ मार्च, बुधवार

पाव बंद करूनही डबा रिकामाच होतो आहे, आणि मी मात्र भुकेने कासावीस. शरीराचं शास्त्र मोठं गूढ आहे.

लोकांना मासेमारीची माहिती द्यायची तर आपल्याला ती यायला हवी, म्हणून आज स्वतः गळ हातात घेतला. पुस्तिकेत लिहिलं होतं की दांडी खांद्यावरून मागे न्यावी आणि झटक्याने पुढे आणावी. पहिल्या झटक्याला माझी टोपी गेली. दुसऱ्या झटक्याला फलक आला. तिसऱ्या झटक्याला असेलराव "आयो!" म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेला हा दुसरा शब्द. त्यांच्या सदऱ्यातून गळ सोडवायला मला आणि हिला बराच वेळ लागला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

सोडवताना ही हसून हसून पायरीवर बसली. तिला असं मोठ्याने हसताना शहरात मी कधी ऐकलं नव्हतं. एकाकीपणाचा परिणाम तर नसेल?

२३ मार्च, रविवार

आज नको ते ऐकलं. मी खिडकीत होतो. मागून हिचा आवाज येत होता. वाटलं, असेलरावांशी बोलत असेल. पण ते समोर झाडाखाली घोरत पडले होते. मी कान दिला.

"ए मुकादम, सरक ना जरा! सगळं काय तुझ्या एकट्यासाठी आणलंय? मेल्या, आत्ताच तर खाल्लंस!"

मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. दगडावर ही एकटीच, हातात पातेलं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. माझे डोळे पांढरे झाले. रानातल्या एकटेपणाने माणसाला भास होतात असं ऐकून होतो, पण ते आपल्याच घरात होईल असं कधी मनात आलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला मी हळूच विषय काढला. विचारलं नाही, कारण अशा दुखण्यात विचारू नये. नुसतं सांगितलं की माणसाने विरंगुळा शोधावा, लवकर झोपावं, डोक्याला तेल लावावं. ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इथे वरून कुणी मुसळ आपटत नाही ना, फार शांत वाटतं." वहिनी वरच्या मजल्यावर मसाला कुटायच्या, तो आवाज हिला आठवला. बोलताना डोळे भरून आले होते बिचारीचे. माहेरच्या मुसळाचीसुद्धा आठवण येते बाईमाणसाला.

३० मार्च, रविवार

गळवाले पुन्हा आले, या वेळी सगळं मंडळ घेऊन. गांडुळं, पिठाच्या गोळ्या, चकाकते खोटे मासे, कशालाही दाद नाही. पाण्यावर बूच असं स्तब्ध की त्याच्यावर एक चतुर बसला आणि झोपला. संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष खिडकीत आले. "तुमच्या तळ्यात मासे नाहीत!"

मी फलकाकडे बोट दाखवलं. "बहुधा म्हटलंय."

नाचता येईना अंगण वाकडं! पण त्यांनी वर तक्रार करतो म्हणून सांगितलं. ही दारात उभी राहून ऐकत होती आणि चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. माझी फजिती पाहून हिला समाधान वाटावं, म्हणजे दुखणं बळावलं आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

पाचावर धारण बसली आहे. मुख्य कचेरीचं पत्र आलं. मासेच नसलेल्या तळ्यावर मासेमारीचं माहिती केंद्र ठेवण्यात अर्थ नाही, असं वरिष्ठांना वाटू लागलं आहे. तेरा तारखेला साहेब स्वतः येऊन गळ टाकणार. साहेब म्हणे या विषयातले गुरू. त्यांना मासा लागला नाही तर केंद्राला कुलूप आणि मी परत शहरात. म्हणजे दादांच्या खालच्या खोल्या.

पत्र वाचून मी बराच वेळ खिडकीतून पाहत बसलो. पाण्यावर ऊन हललं तर हलत होतं, नाहीतर नव्हतं. या खिडकीत बसून मी थोडासा चांगला माणूस झालो आहे असं मला वाटतं. आणि आता हे सोडून जायचं.

हिला पत्राचं सांगितलं नाही. माहेरी जायला मिळणार म्हणून हिची आशा लागायची, आणि नेमका साहेबांना मासा लागायचा. बिचारीचा हिरमोड नको.

१० एप्रिल, गुरुवार

असेलरावांना विश्वासात घेतलं. योजना अशी: असेलरावांनी बाजारात जाऊन एक जिवंत मासा बादलीत घालून आणायचा. साहेब गळ टाकून बसले की असेलरावांनी धक्क्याखाली पाण्यात लपून तो त्यांच्या गळाला लावायचा. खोटी माहिती न देण्याचं माझं व्रत यात मोडत नाही, कारण मी कुणाला काही सांगणारच नाही. मासा स्वतःच काय ते सांगेल.

"समजलं ना सगळं?"

"असेल," असेलराव म्हणाले. आज पहिल्यांदाच त्या शब्दाचा धीर वाटला.

१२ एप्रिल, शनिवार

सगळं संपलं. हिला आता माणसं दिसायला लागली आहेत. मागच्या दाराशी उभा राहून मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"काय जावईबापू, आज तोंड फिरवून का? मानपान कमी पडला वाटतं! बघा बाई, ठमाबाई पुढे येऊन खातात, आणि यांचं आपलं रुसणं चालूच!"

जावईबापू! आम्हाला मुलगी नाही! मूलच नाही! इतकी वर्षं ही त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि आता रानात एकटीने बसून जावयाची समजूत घालते आहे. मला रडू आलं. मी कचेरीत जाऊन दार लावून घेतलं आणि रडलो.

असेलराव अजून बाजारातून आलेले नाहीत.

१३ एप्रिल, रविवार

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

असेलराव उजाडताना आले. बादलीत मासा होता. पण साफ केलेला! खवले काढलेले, पोट रिकामं, दोन्ही अंगांवर मसाला भरण्यासाठी तिरक्या चिरा. मी कपाळावर हात मारला.

"अहो, जिवंत सांगितला होता ना?"

असेलराव खाली मान घालून उभे. हळूहळू उलगडा झाला. जिवंत मासा तिथे नव्हताच. मासेवाल्याने विचारलं, हा चालेल का? हे म्हणाले, असेल. त्याने विचारलं, साफ करून देऊ का? हे म्हणाले, असेल. मासेवाला भला माणूस, त्याने पोटात लिंबाची एक फोडही ठेवून दिली होती.

तेवढ्यात पायवाटेवर साहेब दिसले. टोपीला सगळीकडून गळ टोचलेले, खांद्यावर दांड्यांची मोळी. आता दुसरा मासा कुठून आणणार? निदान याला डोकं आणि शेपूट होती. मी डोळे मिटून असेलरावांना धक्क्याखाली जायची खूण केली.

साहेबांनी गळ टाकला आणि दगडासारखे स्थिर बसले. मी त्यांच्या मागे उभा. थोड्या वेळाने धक्क्याखालून शिंक आली.

"कोण शिंकलं?" साहेब म्हणाले.

"बेडूक, साहेब."

"इथले बेडूक शिंकतात?"

"हवा दमट आहे, साहेब."

साहेबांनी मान डोलावली आणि पुन्हा पाण्याकडे पाहू लागले. बूच बुडालं. साहेबांनी झटका दिला आणि मासा वर आला. तडफडला नाही, वळवळला नाही, नुसता गोल गोल फिरत हवेत लटकत राहिला. साहेबांनी तो हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. पोटात बोट घालून लिंबाची फोड बाहेर काढली.

"मी आयुष्यभर मासे पकडतोय," ते अगदी शांतपणे म्हणाले. "पण तयार मासा पहिल्यांदाच लागला." मग माझ्याकडे वळले. "हा मासा इथला?"

माझ्या तोंडून शब्द निघेना. शेवटी निघाला तो असा: "असेल."

वाटलं, आता साहेब कडाडणार. पण त्यांनी टोपी काढली आणि धक्क्यावर बसकण मारली. मलाही बसायला सांगितलं. म्हणाले, "अहो, इतकी धडपड कशासाठी केलीत? इथे राहावंसं वाटतंय का तुम्हाला?"

मी होकारार्थी मान हलवली. खोटं कसं सांगणार?

"मग ऐका. मासे नाहीत, हे मला दिसतंय. नियमाने आजच कुलूप लावायला हवं. पण एक वर्षाची मुदत देणं माझ्या हातात आहे. तुम्ही म्हणत असाल तर देतो. मासा आपण दोघांनी पाहिलाच नाही असं धरू. काय, देऊ मुदत?"

एका शब्दाचं काम होतं. मी वळून खिडकीकडे पाहिलं. उन्हात ती उघडी होती आणि आतली माझी खुर्ची दिसत होती. तेवढ्यात मागून हिचा आवाज आला, "ठमाबाई, पुरे हं आता!"

मी म्हणालो, "नको साहेब. बंदच करा."

"का हो?"

"बायकोसाठी. तिला हे रान बाधलंय. एकटी बोलते. नाही नाही ती माणसं दिसतात तिला. तिला माहेरच्या माणसांत न्यायला हवं. मला इथे कितीही आवडत असलं तरी..." पुढे माझा आवाज चिरकला. चौकशीच्या खिडकीत इतकी वर्षं गेली, पण आवाज असा कधी चिरकला नव्हता.

पाठीमागे कपबशा आदळल्या. ही चहा घेऊन आली होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"कोण म्हणालं मला माहेरी जायचंय?"

"अगं, तू शांत हो..."

"शांत कशाला होऊ? आणि बंद काय करताय? कुणाला विचारून बंद करताय?"

साहेब मध्ये पडले. "बाई, तळ्यात मासे नाहीत. केंद्र कसं चालवायचं?"

हिने साहेबांच्या हातातल्या दांडीकडे पाहिलं, टोपीवरच्या गळांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे ओले होते, ते मी लपवत होतो. हिच्या मनात काहीतरी मोठी ओढाताण चाललेली दिसली. शेवटी ती म्हणाली, "चला माझ्याबरोबर. पण तो गळ इथेच ठेवायचा."

आम्ही स्वयंपाकघरातून मागच्या दाराने दगडावर उतरलो. हिने पदर खोचला, एका हातात झाकण घेतलं, दुसऱ्या हातात पळी, आणि ठण ठण ठण तीनदा वाजवलं.

लव्हाळं हललं. पाणी आधी नुसतं थरथरलं, मग उकळल्यासारखं झालं. काळ्या पाठी, रुपेरी पोटं, लहान, मोठे, एकावर एक, तळ्यातले सगळे मासे आमच्या पायाशी येऊन आ वासून उभे राहिले. असेलरावांच्या मांडीएवढा एक होता. त्याने बाकीच्यांना ढकलून पुढची जागा धरली.

"हा मुकादम," ही म्हणाली. "ही ठमाबाई. आणि तिकडे तोंड फिरवून आहेत ते जावईबापू. त्यांना पाव मऊच लागतो."

साहेब बुटांसकट पाण्यात उतरले होते, आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. बराच वेळ त्यांच्या तोंडून फक्त "अरे! अरे!" एवढंच येत होतं. मग जुन्या सवयीने त्यांचा हात टोपीवरच्या गळाकडे गेला.

"खबरदार!" हिने पळी उगारली. "साहेब असाल तुमच्या कचेरीत!"

साहेबांनी हात खाली घेतला. मुकादमाने त्यांच्या बुटाची नाडी खाऊन पाहिली आणि सोडून दिली. "नाही हो, बाई," ते म्हणाले, "यांना पकडण्यात काय पुरुषार्थ? दुसऱ्याच्या ताटातलं उचलल्यासारखं होईल." थोडं थांबून त्यांनी लहान पोरासारखा हात पुढे केला. "थोडा पाव मिळेल का?"

माझे आठवड्यांचे पाव! माझा उपास!

बोलणी दगडावरच झाली. केंद्र चालू राहणार. मागच्या बाजूला गळ टाकायला कायमची बंदी, लोकांनी यावं, दुरून पाहावं. धक्क्यावर हवे तितके गळ टाकावेत. तिथे मासा फिरकणार नाही याची हमी हिने दिली, कारण जेवायच्या वेळी माशांना दुसरीकडे जायची सवयच नाही. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'मासे आहेत. प्रत्यक्ष भेट झाली.' जाताना तयार मासा ते कागदात गुंडाळून घेऊन गेले.

ते गेल्यावर ही दगडावर बसून राहिली. म्हणाली, "आता सगळ्यांना कळणार. इतके दिवस कुणाला कळू दिलं नव्हतं मी."

"मग सांगितलंस कशाला?"

"तुमचं तोंड बघवेना म्हणून," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी फलकावरचा 'बहुधा' पुसला. असेलरावांनी शिडी धरली. त्यांना कालपासून सर्दी आहे. माशांचं तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं का, असं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की उत्तराची गरज उरली नाही.

चहाच्या वेळी मात्र मी हिच्यावर जरा रागावलोच. "माझ्या केंद्राला कुलूप लागायची वेळ आली. मला वेड लागायची पाळी आली. मी उपाशी राहिलो! एका शब्दाने सांगता आलं नसतं?"

"तुम्ही विचारलंत कधी?" ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. "झाकण निघालं तेव्हा विचारलं नाहीत. बोलताना ऐकलंत तेव्हा डोक्याला तेल लावायला सांगितलंत. तुम्ही माहिती देता हो. घेत नाही कधी."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तयार असण्याची मला सवय आहे. पण या वेळी आत काहीच सापडलं नाही. चहावर साय धरेपर्यंत मी तसाच बसून होतो.

मग मी विचारलं, "तुला इथे आवडतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खरंच विचारतो आहे की पुढे काही सांगणार आहे, याची खात्री करून घेत होती. मी काही सांगितलं नाही. तेव्हा ती बोलू लागली. वहिनींच्या मुसळाचं बोलली. ती जरा मोठ्याने हसली की वरून ते मुद्दाम आपटलं जायचं, हे मला आज कळलं. दादांच्या घरात ती इतकी वर्षं पाय न वाजवता चालली, हेही आज कळलं. इथे पहिल्या दिवशी मागचं दार उघडून ती मोठ्याने ओरडली होती, नुसतीच, काही कारण नसताना, आणि मागे कुणी काही आपटलं नाही म्हणून पुन्हा ओरडली होती. मग जावईबापूंचं बोलली. हे नाव कसं सुचलं ते सांगताना मध्ये थोडी थांबली. मी तिचा हात धरला. मग आम्ही दोघंही थोडे रडलो आणि ती पुन्हा बोलायला लागली.

तेवढ्यात कचेरीच्या खिडकीवर टकटक झाली. पर्यटक आले होते, बरेच दिसत होते. कुणीतरी विचारलं, "अहो, इथे माहिती मिळते ना?"

मी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, "जरा थांबा हो. माझी बायको बोलते आहे."